तळ्यातलं प्रतिबिंब आणि तळ्याखालचं गाव : साहित्य चळवळी आणि त्यांचा काळ

(तुंगार्ली येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

पावसाळ्यातल्या शनिवारी संध्याकाळी लोणावळ्यात कुणी व्याख्यानाला येईल, अशी आम्हाला फारशी आशा नव्हती. या दिवसांत माणसं इथे येतात ती भुशीच्या पायऱ्यांवर भिजायला आणि जाताना चिक्की न्यायला. तुम्ही ते सगळं सोडून इथे सतरंजीवर बसलात, याबद्दल आधी आभार.

स्टेशनवरून वर येताना रिक्षा चालवणारा मुलगा वीस-बावीस वर्षांचा असेल. वाटेत एका बंगल्याच्या फाटकाकडे बोट दाखवून तो म्हणाला, “काका, इथं आमचं भाताचं खाचर होतं. आता त्याच बंगल्यावर आमचे चुलते वॉचमन हायेत.” एवढंच बोलला आणि पुढच्या वळणाकडे लागला. तक्रार नव्हती, खंतही नव्हती. पाऊस पडतोय म्हणावं, तितक्या सहज त्याने ते सांगितलं.

आजचा विषय आहे, साहित्यातल्या चळवळी ज्या काळात उगवतात त्या काळाचं प्रतिबिंब त्यांत कसं पडतं. त्या मुलाचं वाक्य ऐकल्यापासून आमच्या डोक्यात एकच प्रश्न घोळतो आहे. हा मुलगाही या काळातच जगतो. मग या काळाच्या साहित्यात तो कुठे आहे?

‘साहित्य हा समाजाचा आरसा आहे’ या वाक्यावर आपण सगळ्यांनी शाळेत निबंध लिहिलेला आहे. वाक्य खोटं नाही, पण अपुरं आहे. आरसा समोर येईल ते दाखवतो, तो निवड करत नाही. साहित्य मात्र निवड करतं. आरशाऐवजी आपण इथलं तळं घेऊ. तुंगार्लीच्या धरणावर तुम्ही सकाळी फिरायला जाता. पाण्यात आभाळ दिसतं, काठावरची झाडं दिसतात, काठावर उभी असलेली माणसं दिसतात. पाण्याच्या खाली काय आहे, ते दिसत नाही. आणि काठापर्यंत जो पोचलाच नाही, त्याचंही प्रतिबिंब पडत नाही. तेव्हा एखादी चळवळ तिच्या काळाचं प्रतिबिंब आहे असं कुणी म्हटलं, की आम्ही तीन गोष्टी विचारतो. काठावर कोण उभं होतं? पाण्याखाली काय राहिलं? आणि जे खाली होतं ते वर यायला किती वर्षं लागली?

एकाच जिल्ह्यातली दोन वर्षं

पहिलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेऊ. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर रानडे आणि मनोरमा रानडे ही त्यातली ठळक नावं. ही मंडळी रविवारी चहाला जमत, एकमेकांच्या कविता ऐकत, त्यावर बोलत, आणि आपसांत मिळून पुस्तकं काढत. कविता सभेत गाऊन दाखवायची प्रथा त्यांनी घरोघर पोचवली. प्रेम, विरह, मैत्री, सुनीत, गझल, खंडकाव्य असा तो सारा मामला होता. माधव जूलियनांचं ‘विरहतरंग’ १९२६ चं. कॉलेजात शिकणाऱ्या तरुण-तरुणीच्या प्रेमाचं ते खंडकाव्य.

आता हे आपल्या काळाचं प्रतिबिंब आहे का? आमच्या मते आहे, आणि चांगलं स्वच्छ आहे. त्याच्या पंचवीस वर्षं आधी ही कविता लिहिताच आली नसती. मुली कॉलेजात येऊ लागल्याशिवाय कॉलेजातलं प्रेम कवितेत येत नाही. पगाराची नोकरी आणि रविवारची सुट्टी असल्याशिवाय रविवारचा चहा होत नाही. नवरा-बायको दोघंही एकाच कविमंडळात बरोबरीने बसतात, ही गोष्ट त्या काळाच्या पुण्याबद्दल पुष्कळ काही सांगते. नंतरच्या टीकाकारांनी या मंडळींची ‘पलायनवादी’ म्हणून बोळवण केली. ते आम्हाला पटत नाही. ती ज्या जगात राहत होती, त्या जगाशी ती प्रामाणिक होती.

पण त्याच पुण्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, मुळशीत, त्याच वर्षांत काय चाललं होतं? १९२१ साली रामनवमीला मुळशी सत्याग्रह सुरू झाला. टाटांचं धरण होणार, निळा-मुळेचं खोरं पाण्याखाली जाणार, म्हणून मावळे शेतकरी बांधकामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट त्यांच्यात होते, आणि त्यांना ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यात. १९२४ पर्यंत लढा रेटला, मग मोडला. राजेंद्र व्होरांनी या सत्याग्रहाचा अभ्यास केला, तो मुळातून वाचावा असा आहे. जमीन कागदोपत्री ज्यांची होती त्यांत पुण्याचे सावकार बरेच होते, आणि कसणारे मावळे. मोबदल्याचा प्रश्न आला, तसं या दोघांचं हित वेगळं होत गेलं.

या धरणांचं पाणी कुठे गेलं हेही लक्षात घ्या. आपल्या वळवण, लोणावळा, शिरवत्याच्या तळ्यांचं पाणी खोपोलीला उतरलं आणि १९१५ पासून त्याची वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना मिळू लागली. ठोकरवाडीचं पाणी १९२२ मध्ये भिवपुरीला उतरलं. मुळशीचं पाणी १९२७ मध्ये भिऱ्याला. म्हणजे मावळातला पाऊस घाटाखाली उतरवून गिरणगावचे माग चालले. माणसंही त्याच वाटेने उतरली.

रविकिरण मंडळाच्या ऐन उमेदीत हे घडत होतं. काव्य म्हणून जे तेव्हा गाजलं, त्यात या बुडत्या खोऱ्याला म्हणावी तशी जागा मिळाली नाही. गिरीशांचं ‘आंबराई’ १९२८ चं, खेड्याची पार्श्वभूमी असलेलं. त्या काळात जानपद गीतंही लिहिली गेली. म्हणजे खेडं कवितेत येत होतं. पण ते बहुधा पुण्याहून पाहिलेलं खेडं होतं. ज्याची जमीन जाते आहे त्याने सांगितलेलं नव्हतं.

इथे कुणाला वाटेल आम्ही कवींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो आहोत. तसं नाही. मुद्दा असा, की ‘काळ’ नावाची एकसंध वस्तू नसते. १९२३ साली पुण्यात एक काळ होता आणि मुळशीत दुसरा. साहित्य चळवळीत ज्याचं प्रतिबिंब पडतं तो त्या चळवळीतल्या माणसांच्या वाट्याला आलेला काळ असतो.

काठावर कोण नव्हतं

मग मुळशी-मावळातल्या माणसांनी काहीच रचलं नाही का? भरपूर रचलं. ते कागदावर नव्हतं, एवढंच. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ यांनी १९८० च्या दशकापासून खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांच्या कामाची सुरुवात याच डोंगरपट्ट्यात झाली. पुढे ते महाराष्ट्रभर पसरलं आणि ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. सासर-माहेर, भाऊ, मुलगी, पंढरी, पाऊस, सावकार, आणि बाबासाहेब आंबेडकरसुद्धा त्या ओव्यांत आहेत. ओव्या रचणाऱ्या बहुतेक जणींना लिहिता येत नव्हतं. पहाटे दोघी जात्याला बसायच्या, एकीने म्हणायचं, दुसरीने उचलायचं.

मराठी साहित्याच्या इतिहासात ‘रविकिरण मंडळ’ हे प्रकरण आहे. ‘जात्यावरची ओवी’ ही बहुतेक वेळा ‘लोकसाहित्य’ या वेगळ्या कप्प्यात टाकलेली असते. लोकसाहित्य म्हटलं की त्याला साल नसतं, लेखक नसतो, चळवळ नसते. पण ओवी रचणारी बाईही कुठल्यातरी सालीच जगत होती ना? तिलाही काळ होताच. तिला मंडळ नव्हतं, छापखाना नव्हता, संपादक नव्हता आणि रविवारची सुट्टी तर नव्हतीच. आपण ज्याला साहित्य चळवळ म्हणतो तिला नाव लागतं, छपाई लागते, एकमेकांचं वाचणारे चार जण लागतात. हे ज्यांना मिळालं नाही त्यांचं बोलणं इतिहासात ‘चळवळ’ म्हणून नोंदलं गेलं नाही.

ही तक्रार नवी नाही. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरवली. १८८५ च्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं, तेव्हा त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. त्या पत्राचा आशय असा, की जे सर्वांचे मानवी हक्क मान्य करत नाहीत, त्यांच्या ग्रंथांशी आमच्या ग्रंथांचा मेळ बसणार नाही. हे लिहिणारा माणूस तोपर्यंत ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून बसलेला होता. म्हणजे काळ काठावरच्यांचा की पाण्याखालच्यांचा, हा प्रश्न मराठीत पहिल्या संमेलनांपासून उभा आहे.

एकच कवी, दोन पुस्तकं

दुसरं उदाहरण एकाच माणसाचं. बाळ सीताराम मर्ढेकर. ‘शिशिरागम’ हा त्यांचा संग्रह १९३९ चा. तो वाचला तर आधीच्या पिढीच्या हळव्या कवितेचा सूर स्पष्ट ऐकू येतो. त्यानंतर आठ वर्षांनी, १९४७ मध्ये, ‘काही कविता’ आला. कवी तोच, नाव तेच, पण दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचून पाहा, दोन वेगळी माणसं वाटतील. दुसऱ्या पुस्तकात यंत्रं आहेत, गर्दी आहे, मुंबईची लोकल आहे, मरण आहे, आणि माणसाची किंमत कमी झाल्याची किळस आहे.

मधल्या आठ वर्षांत काय झालं, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. दुसरं महायुद्ध, बंगालचा दुष्काळ, हिरोशिमा, रेशनच्या रांगा, काळाबाजार, फाळणी. वाचकांना ही कविता आवडली नाही. ती दुर्बोध ठरली, अश्लीलतेचा खटलाही झाला. त्या वेळचा एक आक्षेप असा, की हे सगळं इंग्रजी कवितेतून उसनं आणलेलं आहे.

या आक्षेपाचा जरा विचार करू. मर्ढेकर इंग्लंडला जाऊन आलेले, इंग्रजी नवकविता वाचलेले, हे खरंच आहे. पण उसनं आणलेलं बी प्रत्येक जमिनीत रुजत नाही. मावळात बासमती लावून पाहा आणि आंबेमोहोर लावून पाहा, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते कळेल. (हशा) १९२५ साली तीच इंग्रजी कविता कुणी पुण्यात आणली असती, तर ती वाचली गेली असती, रुजली नसती. १९४७ च्या मुंबईत रुजली, कारण जमीन तयार झाली होती. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. इतकं नवं सांगताना मर्ढेकरांनी घाट कुठला घेतला? अनेक ठिकाणी अभंगाचा आणि ओवीचा. जो छंद देहूला इंद्रायणीकाठी घुमला, त्यात त्यांनी गिरणीचा भोंगा बसवला.

म्हणून आम्ही म्हणतो, चळवळीत काळ दोन जागी दिसतो. एक विषयात, तो कुणालाही दिसतो. दुसरा घाटात, म्हणजे वाक्य कसं तुटतं, शब्द कुठल्या बोलीतून येतात, छंद कुठला, यात. विषयातला काळ लवकर शिळा होतो. युद्धावर तेव्हा पुष्कळांनी लिहिलं, त्यातलं फारच थोडं आज वाचवतं.

व्याख्यानाआधी चहा घेताना एका शिक्षिका बाईंनी आम्हाला विचारलं होतं, “सर, काळाचं चित्र आहे म्हणून पुस्तक चांगलं म्हणायचं का?” त्यांना उत्तर इथे मिळालं असेल. नाही म्हणायचं. काळाची नोंद तर तलाठ्याच्या दप्तरातही असते. पुस्तक चांगलं तेव्हा, जेव्हा त्या काळाने लेखकाची भाषाच बदलून टाकलेली असते.

१९५८ : घाटातली दोन पावलं

आता तुमच्या दारातलं उदाहरण. इथून वर, धरणाच्या बाजूने जी वाट जाते, ती राजमाचीला जाते. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, मध्ये माची. गोपाल नीलकंठ दांडेकर, म्हणजे आपले गोनीदा, राहायला तळेगाव दाभाड्याला. मावळातले गड त्यांनी पायांनी पाहिले. ‘पवनाकाठचा धोंडी’ ही त्यांची पवन मावळातली कादंबरी. आणि १९५८ ची ‘माचीवरला बुधा’ ही राजमाचीची. बुधा मुंबईतलं आयुष्य सोडून माचीवर परत येतो. झाडं, जनावरं, पाऊस, वारा यांच्या संगतीत राहतो. घाटाखालून घाटावर, असा या कादंबरीचा प्रवास आहे.

त्याच १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन झालं. उद्घाटनाला अण्णा भाऊ साठे होते. वाटेगावहून आई-वडिलांबरोबर चालत मुंबई गाठलेला, कोळसे वेचण्यापासून गिरणीपर्यंत सगळी कामं केलेला माणूस. ही पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नसून दलित-कामगारांच्या तळहातावर तरली आहे, हा त्या भाषणातला विचार पुढे खूप सांगितला गेला. ‘फकिरा’ दुसऱ्याच वर्षी आली. इथे प्रवास उलटा आहे, गाव सोडून शहराकडे.

एकाच वर्षी एक लेखक बुधाला घाट चढवतो, आणि दुसरा लेखक घाट उतरून गेलेल्यांच्या वतीने उभा राहतो. दोघांच्याही मागे गोष्ट एकच आहे, मुंबईने गावं ओढून घेतली ती. मग दिशा उलट का?

आमचं उत्तर असं आहे. परत जावंसं वाटायला मागे काहीतरी आपलं असावं लागतं. गोनीदांना दिसलेल्या डोंगरात माया आहे, आणि ती त्यांनी खोटी रंगवलेली नाही. पण ज्याचं घर गावकुसाबाहेर होतं, ज्याला विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्याला गावाची ओढ वाटावी अशी अपेक्षा करता येत नाही. त्याला शहरातली चाळ, रांगेतला नळ, कारखान्यातलं हजेरीचं कार्ड हीच सुटका वाटते. निदान सुरुवातीला. नंतर जात तिथेही कशी मागोमाग येते, ते बाबूराव बागुलांनी १९६३ मध्ये ‘जेव्हा मी जात चोरली होती’ मध्ये सांगितलं.

या दोन्ही पुस्तकांपैकी एक ‘खरं’ आणि दुसरं ‘खोटं’, असा निकाल द्यायचा मोह टाळला पाहिजे. ‘माचीवरला बुधा’ वाचताना आम्हाला आजही भरून येतं. पण एकटा ‘बुधा’ वाचून कुणी १९५८ सालचा मावळ समजून घेईल, तर फसेल. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पवनेवरही धरण झालं. धोंडीच्या त्या काठाचा बराच भाग आता पाण्याखाली आहे. आज ती कादंबरी हातात घेतली की ती आपोआप एका बुडालेल्या खोऱ्याची नोंद होऊन बसते. लिहिणाऱ्याच्या मनात नसलेला काळसुद्धा पुस्तकात असा मागाहून शिरतो.

वर यायला लागलेली वर्षं

तिसरा प्रश्न उशिराचा. १९६० च्या दशकात मराठीत जे झालं, ते पाहिलं की दम लागतो. नारायण सुर्व्यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ चा, ‘माझे विद्यापीठ’ १९६६ चा. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ ची. ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ अशी अनियतकालिकं. अशोक शहाणे, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, राजा ढाले. यातलं काही सायक्लोस्टाइलवर काढलेलं. हा तपशील किरकोळ समजू नका. मोठ्या मासिकाच्या संपादकाची परवानगी न घेता कविता छापता येते, हे त्या स्वस्तातल्या यंत्रामुळे शक्य झालं. १९६९ मध्ये या तरुणांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला. एवढा राग का? कारण काठावर कुणी उभं राहायचं हे एकच मासिक ठरवतं, असं त्यांना वाटत होतं. आमच्या मते ‘सत्यकथे’ने मराठी कथेसाठी केलेलं काम त्या रागात झाकलं गेलं. पण राग समजतो.

याच प्रवाहातून, आणि त्याहून खोल असलेल्या आंबेडकरी प्रवाहातून, दलित साहित्य आलं. गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ औरंगाबादहून निघू लागलं. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’, आणि त्याच वर्षी दलित पँथर. १९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’.

आता विचारा, अन्याय तर शेकडो वर्षांचा, मग साहित्य १९६०-७० मध्येच का? उत्तर तारखांमध्ये आहे. बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं १९४६ मध्ये. औरंगाबादला मिलिंदची सुरुवात १९५० मध्ये. धर्मांतर १९५६ मध्ये. शिकून, नोकरीला लागून, स्वतःच्या पैशाने वही विकत घेईपर्यंत एका पिढीला जेवढा वेळ लागतो, तेवढाच इथे लागला. चळवळ आकाशातून पडत नाही. आधी शाळा होते, मग वसतिगृह होतं, मग वाचनालय, मग अनियतकालिक आणि मग कुठे समीक्षक येऊन म्हणतो, ‘नवा प्रवाह आला’.

‘बलुतं’मध्ये हा उशीर स्पष्ट दिसतो. त्यातलं बालपण स्वातंत्र्याच्या आधीचं, लिहिलं गेलं १९७८ मध्ये. म्हणजे पुस्तकात दोन काळ आहेत, एक सोसल्याचा आणि एक सांगता आल्याचा. आणि ते पुस्तक टिकलं याचं कारण ते दुसऱ्यांवर जितकं बोट ठेवतं, तितकंच लेखकावरही ठेवतं. स्वतःची लाज, स्वतःचं भित्रेपण पवारांनी लपवलं नाही. काळाचा साक्षीदार व्हायचं तर आधी स्वतःविरुद्ध साक्ष द्यावी लागते.

ग्रामीण साहित्याचंही असंच. रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ १९७१ ची. गावचा शिंपी, आणि त्याची बायको आपल्या बोलीत गोष्ट सांगते आहे. गावात कपड्यांची आवड बदलते, नवा शिंपी येतो, आणि बलुत्यावर चाललेलं एक घर पाचोळ्यासारखं उडून जातं. बलुतेदारी मोडल्याचे ग्रंथ पुष्कळ झाले. पण ती एका शिवणयंत्रापाशी कशी मोडते, ते पाहायचं तर ही छोटी कादंबरी वाचावी लागते.

आणि आता, इथे

शेवटाकडे येऊ. आपल्या काळाचं साहित्य कुठे आहे? या डोंगरात गेल्या पंचवीस वर्षांत काय काय झालं, ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. द्रुतगती मार्ग झाला. जमिनी विकल्या गेल्या, आलेल्या पैशाच्या गाड्या झाल्या, गाड्यांचे हप्ते झाले. शनिवार-रविवारपुरता एक वेगळाच गाव इथे वस्तीला येतो आणि सोमवारी उतरून जातो. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध मावळातले शेतकरी बऊरला द्रुतगती मार्गावर आले. पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी गेले. मुळशीनंतर नव्वद वर्षांनी तोच प्रश्न, पाणी कुणाचं? वर्तमानपत्रांत आलं, विधानसभेत गाजलं. पण ‘बुधा’च्या तोलाची कादंबरी त्यातून अजून उभी राहिलेली नाही.

याचा दोष आम्ही तुम्हाला देत नाही. तारखांचं गणित आत्ताच मांडलं. घडणं आणि सांगता येणं यांत पिढीचं अंतर असतं. २०११ साली जी मुलं दहा वर्षांची होती, ती आता पंचविशीच्या आसपास आहेत. त्यातलाच एक आम्हाला स्टेशनवरून घेऊन आला. त्याचं जे एक वाक्य आम्ही सुरुवातीला सांगितलं, त्यात कादंबरी आहे. खाचर कुणाचं, बंगला कुणाचा, आणि स्वतःच्याच जमिनीवर बारा तासांची ड्युटी करताना चुलत्याला रात्री काय वाटतं. हे त्याला विचारल्याशिवाय कुणाला कळणार नाही. आणि पुण्या-मुंबईहून येणारे आमच्यासारखे पाहुणे ते लिहू गेले, तर पुन्हा बाहेरून पाहिलेलं खेडंच होईल.

म्हणून एक साधी गोष्ट सुचवतो. तुमच्यातल्या शिक्षकांनी या वर्षी मुलांना ‘साहित्य हा समाजाचा आरसा’ हा निबंध घालू नये. त्याऐवजी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारून यायला सांगावं. आपली जमीन कुठे होती? तिथे काय पिकायचं? आता तिथे काय आहे? उत्तर ज्या शब्दांत येईल त्याच शब्दांत लिहावं, ‘हायेत’चं ‘आहेत’ करू नये. अशा पन्नास वह्या जमल्या, तर ते साहित्य होईलच असं नाही. पण साहित्य ज्यातून होतं, ते गोळा होईल.

इंद्रायणी इथेच, कुरवंड्याच्या अंगाला उगम पावते आणि देहूला जाते. तुकोबांच्या वह्या त्या नदीत बुडवल्या आणि पुढे त्या वर आल्या, ही कथा तुम्ही लहानपणापासून ऐकलेली आहे. श्रद्धेने ऐकणाऱ्याला तो चमत्कार आहे. आम्ही त्याचा एक साधा अर्थ लावतो. वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या तोंडी होते, म्हणून ते गेले नाहीत. तुकोबांनी १६३० चा दुष्काळ भोगला, दुकान बुडालं, घरातली माणसं गेली. तो सगळा काळ त्यांच्या शब्दांत आहे, आणि तो लोकांनी पाठ करून राखला.

पाण्याखाली गेलेलं वर येतं, पण आपोआप येत नाही. कुणीतरी ते तोंडी धरून ठेवावं लागतं, आणि पुढे कुणीतरी लिहावं लागतं. पहिलं काम तुमच्या घरातली म्हातारी माणसं करताहेत. दुसरं करणारं कुणीतरी आज या सतरंजीवर बसलेलं असेल, असं समजून आम्ही थांबतो.